आमचा रॅम्प बांधकामात मोजू नका

प्रति,
मराठवाड्यातील सर्व महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे पदाधिकारी, सदस्य, आयुक्त आणि मुख्याधिकारी

महोदय,

दर चार वर्षांनी होणाऱ्या गेल्या चतुर्थ वार्षिक कर आकारणीची नोटीस आली तेव्हा सासूबाईंनी ती मला वाचायला दिली. घर त्यांच्या नावावर आहे. नोटिशीत लिहिलं होतं, ‘वाढीव बांधकाम १९३ चौरस फूट.’ हे १९३ फूट मला पाठ आहेत, कारण त्यातला एकेक फूट आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून बांधला आहे. तीस फूट लांब, साडेतीन फूट रुंद रॅम्प आणि त्यावरचा पत्रा, ते १०५. सहा बाय आठचं न्हाणीघर आणि संडास, ते ४८. खोलीतून तिथपर्यंत व्हीलचेअर नेण्यासाठी चार बाय दहाचा बोळ, ते ४०. यातल्या एकाही फुटावर आम्ही भाडेकरू ठेवलेला नाही, दुकान काढलेलं नाही. एका माणसाला अंथरुणातून उठून रस्त्यापर्यंत जाता यावं, एवढ्यासाठी ते बांधकाम आहे. त्यापायी आमची घरपट्टी वर्षाला २,८६० वरून ४,१२० रुपयांवर गेली.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या कर विभागातल्या माणसांशी माझं भांडण नाही आणि हा प्रश्न एका गावाचा नाही.

माझे यजमान २०१६ च्या एप्रिलपर्यंत चालत होते. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तोच हा महिना. आमच्या शेतातली विहीर तळाला गेली होती. गाळ काढायला ते गड्यांबरोबर स्वतः उतरले आणि वर येताना यारीचा दोर तुटला. मणका मोडला, कमरेखालची सगळी जाण गेली. सोलापूरच्या दवाखान्यात अडीच महिने काढून घरी आलो, तेव्हा घरानेच आम्हाला अडवलं.

हे घर सासऱ्यांनी २००४ मध्ये बांधलं. जोतं अडीच फूट उंच घेतलं, कारण पावसाळ्यात नालीचं पाणी घरात शिरायचं. आमच्याकडे सगळेच जोतं उंच घेतात. दाराशी पाच पायऱ्या, दार अडीच फुटांचं, संडास परसात, तिथेही दोन पायऱ्या. नळाला आठ दिवसांआड पाणी येतं, म्हणून मधल्या वाटेत दोन्ही बाजूंनी पाण्याचे ड्रम. ज्या बोळातून धडधाकट माणूस अंग चोरून जातो, तिथून व्हीलचेअर कशी जाणार? पाणीटंचाईने आमच्या घरांतली जागा किती खाल्ली आहे, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

तीन वर्षं ते बाहेरच्या खोलीत पडून होते. मी सकाळी नऊला शाळेला निघायची ती पाचला परत यायची. मुलगा कॉलेजात. सासूबाईंचं वय सत्तरच्या पुढे. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की शेजारच्या दोघा-तिघांना बोलवायचं, खुर्चीसकट उचलायचं. दर वेळी उपकार मागायचे. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या हाताने औत धरलं, त्या माणसाला लघवीसाठी दुसऱ्याची वाट बघावी लागते, तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहवत नाही.

रॅम्प आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात केला. गुत्तेदार आधी म्हणाला, दहा फुटांत बसवतो. इतक्या चढावर व्हीलचेअर मागे उलटते. नियम एकास बाराचा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अडीच फुटांच्या जोत्याला तीस फूट झाले. घराच्या बाजूला मोकळी पट्टी होती, तिथून रॅम्प घेतला आणि मधल्या खोलीची खिडकी फोडून तिथे तीन फुटांचं दार बसवलं. सिमेंटवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, तोही भरला. पुढच्या दोन वर्षांत बोळ आणि न्हाणीघर झालं. भिंतीला धरायला स्टीलचे दांडे, खुर्चीतून हात पोचेल इतक्या खाली नळ, उंबरठा नाही.

२०१९ च्या येळवशीला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येला, ते स्वतः चाकं ढकलत रस्त्यावर आले, ऑटोत बसले आणि शेतात गेले. त्याआधीच्या तीन येळवशी घरात गेल्या होत्या. कोपीपाशी बसून त्यांनी आंबिल प्यायली. माझ्यासाठी तरी त्या १०५ चौरस फुटांची किंमत तिथेच वसूल झाली.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार हिशेबाची. करयोग्य मूल्य ठरवण्याची जुनी रीत अशी की, घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते धरायचं आणि त्यातून दुरुस्तीखातर दहा टक्के वजा करायचे. मग मला सांगा, या रॅम्पमुळे आमच्या घराचं भाडं वाढलं का? बाजूची मोकळी पट्टी गेली, तिथे मोटारसायकल लागायची ती आता रस्त्यावर लावतो. मधल्या खोलीची हवेची खिडकी गेली. बेसिन इतकं खाली आहे की उभ्या माणसाला वाकून तोंड धुवावं लागतं. उद्या हे घर भाड्याने द्यायचं ठरवलं तर येणारा भाडेकरू हे सगळं काढून टाका म्हणेल. बाजारात घराची किंमत वाढली नाही, कदाचित कमीच झाली. पण मोजणीदाराने फीत लावली, आरसीसी इतकं, पत्रा इतका लिहिलं आणि त्याला झोनच्या दराने गुणलं. फूट वाढले म्हणून मूल्य वाढलं, असं धरून चाललात. दिव्यांगासाठी केलेल्या बदलाच्या बाबतीत हे गृहीतकच चूक आहे, हे माझं मुख्य म्हणणं आहे.

दुसरी तक्रार, हे सांगायला जागाच नाही. मोजणीच्या फॉर्मात आरसीसी, लोड बेअरिंग, पत्रा, माती असे रकाने आहेत. वापर निवासी की व्यापारी, नळजोडणी, बोअर, संडास, सगळ्याला रकाना आहे. दिव्यांगासाठी केलेल्या सोयीला नाही. मी मोजणीला आलेल्या मुलाला यजमानांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, दाखवलं. तो भला मुलगा होता, म्हणाला, ‘काकू, मला कळतंय, पण लिहू कुठं?’ मुदतीत हरकत घेतली. सुनावणी पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात होती आणि इमारतीला ना लिफ्ट ना रॅम्प. ज्यांच्यासाठी हरकत, ते खाली ऑटोत बसून राहिले. वर साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘ताई, मापात येतं ते लावावंच लागतं. सवलतीची तरतूद नाही.’ हरकत फेटाळली.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायच्या, असं त्याचं कलम ४५ सांगतं. नियम २०१७ मध्येच झाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सुगम्यतेचे निकष सक्तीचे हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. सरकारी इमारतीने जे करायला हवं होतं, ते एका शिक्षिकेच्या घराने स्वतःच्या पैशाने केलं. त्याबद्दल शाबासकी नको, पण कर तरी लावू नका.

तिसरी तक्रार परवानगीची. रॅम्प सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, येतो, म्हणून नोटिशीत ‘विनापरवाना’ असा शेरा आहे आणि शास्तीची टांगती तलवार आहे. रॅम्पचं टोक नालीवरून रस्त्याला टेकतं, ते अडीच फूट अतिक्रमण ठरवलं गेलं. अहो, जोतं उंच, प्लॉट लहान आणि उतार एकास बारा. जुन्या गावठाणातल्या घराने हा रॅम्प दुसरीकडे कुठे करावा? नालीवरचं टोक आम्ही उचलता येईल अशा लोखंडी जाळीचं केलं आहे. सफाईवाले ती उचलतात, नाली काढतात, परत ठेवतात.

त्यातच २०२२ मध्ये आमच्या गल्लीतला रस्ता झाला. जुना थर न खरवडता वर नवा सहा इंचांचा थर दिला. रॅम्पचं टोक खाली गेलं. आता पावसाळ्यात तिथे डबकं साचतं आणि व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक त्यात रुततं. रस्ता करताना जुना थर खरवडून काढा, एवढी साधी गोष्ट पाळली तरी अर्ध्या मराठवाड्याला जोतं उंच घ्यावं लागणार नाही. हा विषय घरपट्टीचा नाही, हे मला कळतं. पण एकाच घराच्या दाराशी तुमचे दोन विभाग येऊन भेटतात, म्हणून लिहिलं.

‘अहो बाई, प्रश्न वर्षाच्या १,२६० रुपयांचा तर आहे,’ असं मला एकाने ऐकवलं. आमच्यासाठी ते १,२६० आहेत, मला पेन्शन आहे. ज्यांच्या घरात दिव्यांग माणसाचं अनुदान हीच नियमित येणारी रक्कम आहे, त्यांनी काय करायचं? वाढ एका वर्षाची नसते, कायमची असते. थकली तर दरमहा २ टक्के चढतात. आणि लोकांना हे माहीत आहे. गेल्या वर्षी आमच्या ओळखीतला एक मुलगा शिकायला लातूरला गेला, तो व्हीलचेअर वापरतो. स्वखर्चाने रॅम्प करतो, जाताना काढूनही देतो, असं त्याच्या वडिलांनी चार घरमालकांना सांगितलं. एक मालक तयार होता, पण पुन्हा नाही म्हणाला. बांधकाम दिसलं की टॅक्स वाढतो, ही त्याची भीती. त्या मुलाने अखेर तळमजल्यावरच्या गाळ्यात वर्ष काढलं. ज्या करामुळे घरमालक रॅम्पला नाही म्हणतो, तोच कर कमी झाला तर तो हो म्हणेल. म्हणून ही सवलत भाडेकरूच्याही कामाची आहे.

सवलत द्यायची रीत नवी नाही. माजी सैनिकांच्या घरांना राज्यात मालमत्ता करात सूट आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ आहे. पुण्यात सौर पाणीबंब, पावसाचं पाणी साठवण किंवा गांडूळखत केलं तर ५ ते १० टक्के सूट मिळते. दिव्यांग कर्मचाऱ्याला व्यवसाय कर माफ आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मालकाच्या निवासी घराला सामान्य करात ५० टक्के सवलत देते. ते चांगलंच आहे, पण आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग नाही. घर सासूबाईंच्या नावावर आणि दिव्यांग त्यांचा मुलगा. मराठवाड्यात वडिलोपार्जित घरं आजोबांच्या, आईच्या, थोरल्या भावाच्या नावावर असतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आठ वर्षांच्या लेकराच्या नावावर घर कुठून असणार? म्हणून सवलत घरपट्टीच्या नोंदीतल्या नावाला नको, घरात राहणाऱ्या माणसाला आणि त्याच्यासाठी केलेल्या बदलाला हवी.

परदेशात हे नीट बसवलेलं आहे. मुलाने वाचून दाखवलं. इंग्लंडमध्ये घरांच्या करासाठी आठ गट आहेत. घरात दिव्यांग माणसासाठी जादा न्हाणीघर, जादा स्वयंपाकघर, त्याला लागणारी वेगळी खोली किंवा व्हीलचेअर फिरवायला लागणारी जादा जागा असेल, तर बिल एक गट खाली आणतात. घर कोणाच्या नावावर, हे विचारत नाहीत. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, ज्या माणसाला नाहीतर एखाद्या संस्थेत ठेवावं लागलं असतं अशा दिव्यांगासाठी किंवा ६५ वर्षांपुढच्या वृद्धासाठी घरात बदल केले, तर त्यामुळे वाढलेलं मूल्य आकारणीतून वगळतात. यामागचा विचार मला पटला. माणूस घरी राहिला तर सरकारचाही खर्च वाचतो.

आता मागण्या.

मोजणीच्या फॉर्मात ‘दिव्यांगासाठी केलेली सोय’ असा एक रकाना घाला. रॅम्प, त्यावरचं छत, रुंद केलेला बोळ, तळमजल्यावरचं न्हाणीघर-संडास, लिफ्टची जागा, हे सगळं त्यात लिहा आणि करयोग्य क्षेत्रातून वगळा. मर्यादा घाला, २० चौरस मीटर ठेवा. यूडीआयडी कार्ड मागा, फोटो मागा, कनिष्ठ अभियंत्याला पाहणीला पाठवा. रॅम्पच्या नावाखाली कोणी गच्चीवर खोली चढवू नये, हे मलाही वाटतं. माणूस गेला किंवा घर सोडून गेला तर सूट बंद करा, आमची हरकत नाही.

दुसरं, अशा घराला मालमत्ता करात काही टक्के थेट सवलत द्या, कारण सगळ्याच सोयी फुटांत मोजल्या जात नाहीत. अंध माणसाच्या घरात पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्ट्या आणि कठडे लागतात, ऐकू न येणाऱ्याच्या घरात दारावरच्या घंटेला दिवा जोडावा लागतो. शिक्षण कर राज्याचा आहे, तो माफ करणं तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. मी तुमच्या करापुरतं बोलते आहे. ज्या सवलतीला शासनाची मंजुरी लागते, तिचा ठराव सर्वसाधारण सभेत करा आणि नगरविकास विभागाकडे पाठवा. राज्यात दिव्यांगांसाठी २०२२ पासून स्वतंत्र विभाग आहे, त्यालाही प्रत द्या.

तिसरं, रॅम्पला सामासिक अंतरात आणि उचलता येण्याजोग्या जाळीने नालीवर परवानगी द्या. ती साध्या अर्जावर, विनाशुल्क मिळावी. आजवर झालेल्या रॅम्पवरचा ‘विनापरवाना’ शेरा काढा आणि शास्ती लावली असेल तर रद्द करा.

चौथी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणं तुम्हाला बंधनकारक आहे. घरपट्टीत दिलेली सूट या ५ टक्क्यांतून वळती करू नका. तसं केलंत तर एका दिव्यांगाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढल्यासारखं होईल. उलट त्या निधीतून घरातले बदल करायला थेट मदत द्या. आमच्याकडे हा पैसा बहुतेक मार्चअखेरीस थोडा थोडा खात्यावर टाकून संपवतात. दोन-तीन हजारांत कोणाच्याही दाराला रॅम्प होत नाही. दर वर्षी गावातल्या वीस घरांना रॅम्प आणि संडास करून दिले, तर पाच वर्षांत शंभर घरं होतील. ज्यांची घरपट्टीच दोन-अडीचशे रुपये आहे, त्या पत्र्याच्या घरांना करसवलतीने काहीच मिळत नाही. त्यांना हीच मदत पोचेल.

आणि कर भरण्याची खिडकी, सुनावणीची जागा तळमजल्यावर आणा. याला ठराव लागत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. तेव्हा दिव्यांगत्वाचे आठच गट होते, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. आमच्या सासूबाई यांपैकी कशातच मोजलेल्या नाहीत. पण त्या आता ८१ वर्षांच्या आहेत, गुडघे गेले आहेत आणि पाच पायऱ्या सोडून त्याही दांड्याला धरून रॅम्पवरूनच देवळात जातात.

या वर्षाचं बिल मी वाढीव रकमेसह, हरकत कायम ठेवून, मुदतीत भरलं आहे. थकबाकीदार म्हणून मला तुमच्याशी बोलायचं नव्हतं. पुढच्या आकारणीला मोजणीदार येतील तेव्हा दार उघडायला माझे यजमानच येतील, त्याच तीन फुटांच्या दारातून. त्या दिवशी मोजणीदाराच्या हातातल्या फॉर्मात तो एक रकाना असू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि करदाती
लातूर जिल्हा